सेवेची नोंद : निफाड तालुक्यातील विद्यार्थी स्वयंसेवक

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी गावासाठी केलेल्या कामाची दखल घेण्याची महाराष्ट्रातली सर्वांत रुळलेली व्यवस्था म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना (एनएसएस). गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, तेव्हाचे केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत ती सुरू केली. पहिल्या वर्षी सुमारे ४० हजार विद्यार्थी तीत दाखल झाले. निफाड तालुक्यात निफाडचे कर्मवीर गणपतदादा मोरे महाविद्यालय, पिंपळगाव बसवंतचे कर्मवीर काकासाहेब वाघ महाविद्यालय, तसेच लासलगाव आणि ओझर येथील महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्यामुळे इथल्या विद्यार्थ्याच्या सेवेची नोंद, प्रमाणपत्र आणि पुरस्कार हे सारे बहुतांशी त्या विद्यापीठाच्या चौकटीतून येते. गावात मात्र ही सगळी मुले 'एनएसएसवाले' म्हणूनच ओळखली जातात, आणि कार्यक्रम अधिकारी म्हणून त्यांच्याबरोबर येणारे प्राध्यापक 'पीओ सर' किंवा 'पीओ मॅडम'.

सार्वजनिक कामाला मान देण्याची रीत या भागाला नवी नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाडला झाला. पुण्याच्या सार्वजनिक सभेतून त्यांनी दुष्काळ, शेतसारा आणि रयतेची स्थिती यांवर जे काम घडवून आणले, त्याचा पाया गावोगावी जाऊन माहिती गोळा करणाऱ्या कार्यकर्त्यांनी घातला होता. पुढे १९१४ मध्ये नाशिकला मराठा विद्या प्रसारक समाजाची स्थापना झाली. शिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या आपल्या धुरीणांना या संस्थेने 'कर्मवीर' म्हटले आणि महाविद्यालयांना त्यांची नावे दिली. निफाड आणि पिंपळगावच्या महाविद्यालयांच्या पाट्यांवर आज जी नावे आहेत, ती याच मानाची आहेत. त्या पाटीखालून रोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याच्या कामाचा मान कसा राखायचा, हा त्यामुळे इथे दूरचा प्रश्न राहत नाही.

योजनेचे गणित तासांवर चालते. स्वयंसेवकाने दोन वर्षे नाव नोंदवायचे आणि दरवर्षी १२० तास काम करायचे. त्यातले २० तास उद्बोधनाचे, ३० महाविद्यालयाच्या आवारातले आणि ७० समाजात जाऊन करायचे. दोन वर्षांचे २४० तास भरले आणि दत्तक गावातले सात दिवसांचे विशेष शिबिर पूर्ण केले, की विद्यापीठाचे प्रमाणपत्र मिळते. महाविद्यालयाच्या एककात शंभर स्वयंसेवक असतील तर साधारण निम्म्यांना शिबिरात जाता येते. प्रत्येकाची एक डायरी असते. तारीख, काम, तास आणि कार्यक्रम अधिकाऱ्याची सही एवढाच तिचा मजकूर. पैशांची तरतूद पूर्वीपासून तुटपुंजी. कित्येक वर्षे एका स्वयंसेवकामागे नियमित उपक्रमांसाठी वर्षाला २५० रुपये आणि शिबिरासाठी ४५० रुपये मिळत. म्हणजे सात दिवसांचे जेवण, चहा, वाहतूक आणि साहित्य त्यातच बसवायचे. अलीकडे ही रक्कम वाढली, तरी गावाने धान्य, भाजी आणि सरपण दिल्याशिवाय शिबिर उभे राहत नाही. कुठल्या शिबिराला गावाने किती हातभार लावला, यावरून त्या गावाला पाहुणे किती हवेसे होते हे नेमके कळते.

निफाड तालुक्यात शिबिराचा काळ बहुधा डिसेंबर-जानेवारीचा. सत्रपरीक्षा संपलेल्या असतात आणि वार्षिक परीक्षा लांब असतात, म्हणून विद्यापीठाच्या वेळापत्रकात हाच अवकाश सापडतो. पण हाच काळ इथल्या कडाक्याच्या थंडीचा. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा काही वर्षी पाच अंशांच्याही खाली उतरतो, आणि द्राक्षबागेला थंडीचा चटका बसू नये म्हणून शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या फरशीवर सतरंजी अंथरून झोपलेली मुले त्याच वेळी उठतात. प्रभातफेरी, प्रार्थना, पोहे किंवा उपमा, मग बारा वाजेपर्यंत श्रमदान. दुपारी बौद्धिक, त्यानंतर घरोघर सर्वेक्षण, आणि रात्री मारुतीच्या पारासमोर गावकऱ्यांसाठी सांस्कृतिक कार्यक्रम. स्वयंपाकाची पाळी ज्या गटाकडे असते, त्याचा दिवस इतरांच्या आधी सुरू होतो आणि सर्वांनंतर संपतो. बल्लव म्हणून राबलेल्या या मुलामुलींची डायरी पाहिली तर तिच्यात पुष्कळदा 'भोजन व्यवस्था' एवढे दोनच शब्द असतात.

डिसेंबर-जानेवारी हा उन्हाळ कांद्याच्या लागवडीचाही काळ आहे. लासलगावच्या बाजारपेठेवर जगणाऱ्या या पट्ट्यात तेव्हा मजूर मिळत नाही, आणि घरातले प्रत्येक माणूस वाफ्यात वाकलेले असते. लागवडीच्या टोळ्या उक्ते काम घेतात आणि हाताला सफाई असलेली मुलगी त्या दिवसांत चांगले पैसे कमावते. बागाईतदाराच्या घरचा मुलगा शिबिराला जातो तेव्हा घर त्याच्या वाटणीचे काम उरकून घेते. शेतमजुराच्या घरची मुलगी जाते तेव्हा घरात सात दिवसांची मजुरी येत नाही. डायरीत दोघांचेही तास सारखेच दिसतात. कार्यक्रम अधिकारी म्हणून वर्षानुवर्षे काम केलेल्या प्राध्यापकांना हा फरक चांगला ठाऊक असतो. शिबिराची यादी करताना ते आधी घरोघर जाऊन आईवडिलांशी बोलतात, आणि काही वेळा लागवड उरकेपर्यंत तारखाही पुढे ढकलतात. पुरस्काराच्या अर्जात मात्र हे मांडायला जागा नसते. तशी जागा असायला हवी, कारण ज्याला सेवा परवडते त्याची सेवा आणि ज्याला ती परवडत नाही त्याची सेवा यांत वजनाचा फरक आहेच.

गौरवाच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. पहिली पायरी प्रमाणपत्राची. त्याच्या आधाराने पुढे काही प्रवेशांत आणि परीक्षेत गुणांची सवलत मिळते. दुसरी निवडीची. राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकाराने होणारे 'आव्हान' हे आपत्ती व्यवस्थापनाचे राज्यस्तरीय शिबिर, 'उत्कर्ष' हा सामाजिक-सांस्कृतिक महोत्सव आणि दिल्लीच्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनासाठीचे शिबिर यांत निवड होणे हा विद्यार्थ्याला स्वतःचा मोठा सन्मान वाटतो. गावातल्या मुलीचे नाव संचलनाच्या निवडचाचणीत आले, की पुढच्या वर्षी त्या गावातून नाव नोंदवणाऱ्या मुली वाढतात. त्यानंतर विद्यापीठाचे पुरस्कार येतात, उत्कृष्ट महाविद्यालय, उत्कृष्ट कार्यक्रम अधिकारी आणि उत्कृष्ट स्वयंसेवक असे. मग राज्य शासनाचे. आणि शेवटी राष्ट्रीय पुरस्कार, जे १९९३-९४ मध्ये, योजनेच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने सुरू झाले आणि राष्ट्रपतींच्या हस्ते दिले जातात.

या पायऱ्या चढायला वेळ लागतो, आणि विद्यार्थ्याकडे नेमका तोच नसतो. २०२१-२२ या वर्षाचे राष्ट्रीय पुरस्कार २९ सप्टेंबर २०२३ रोजी दिले गेले. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेला स्वयंसेवक तोवर पदवी घेऊन बाहेर पडलेला असतो. कोणी सातपूर-अंबडच्या कारखान्यात लागतो, कोणी पोलीस भरतीच्या तयारीला, तर कोणी बागेत. गौरव त्याला मिळतोच, पण ज्यांच्यासोबत काम केले ते मित्र विखुरलेले असतात आणि ज्या गावात काम केले त्या गावाला बातमी वर्तमानपत्रातून कळते. खालच्या पातळीवरही हेच थोड्याफार प्रमाणात घडते. डिसेंबरात केलेल्या कामाचे प्रमाणपत्र वर्षअखेरीच्या स्नेहसंमेलनात, पारितोषिकांच्या लांबलचक यादीत, क्रीडास्पर्धा आणि रांगोळी स्पर्धा यांच्या मधोमध वाचून दाखवले जाते.

पुरस्कार ठरतो फाईलवरून, आणि फाईलमध्ये जाते ते कागदावर किंवा छायाचित्रात मावणारे. किती झाडे लावली, किती पिशव्या रक्त जमले, किती मीटर गटार साफ केले, किती गावकरी उपस्थित होते. त्यासोबत वर्तमानपत्रांची कात्रणे, सरपंचांचे आभारपत्र, बॅनरसह काढलेले फोटो. महाविद्यालयांच्या मूल्यांकनासाठी १९९४ मध्ये 'नॅक' स्थापन झाली आणि तिच्या निकषांत विस्तारकार्याला, तसेच त्या कार्यासाठी मिळालेल्या पुरस्कार-सन्मानांना, स्वतंत्र स्थान मिळाले. त्याचा एक फायदा निर्विवाद झाला. पूर्वी एखाद्या उत्साही प्राध्यापकाच्या आवडीवर अवलंबून असलेले काम संस्थेच्या जबाबदारीचे बनले. पण त्याचबरोबर पत्रे गोळा करण्याची घाईही आली. एकाच मजकुराची, फक्त गावाचे नाव बदललेली आभारपत्रे लेटरहेडवर टाइप करून घेतली जातात. ग्रामसेवक शिक्का मारतात आणि फाईल जाड होते. अशा पत्राने गावाने नेमके कशाचे आभार मानले हे कोणालाच कळत नाही. ज्या पत्रात आदिवासी वस्तीवरच्या हातपंपाभोवतीचा चिखल हटवून शोषखड्डा केल्याचे आणि उन्हाळ्यातही तिथे डास कमी झाल्याचे गावाने आपल्या शब्दांत लिहिले आहे, ते एकच पत्र डझनभर छापील पत्रांना पुरून उरते.

वनराई बंधाऱ्याचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. मोहन धारिया यांच्या 'वनराई' संस्थेच्या नावाने ओळखला जाणारा हा बंधारा सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांचा असतो. गोण्यांत माती किंवा वाळू भरायची, दाभणाने सुतळी ओवून तोंड शिवायचे आणि नाल्याच्या पात्रात सांधा मोडत थरावर थर रचायचे. हातोहात गोण्या पुढे सरकवणारी मुलांची रांग छायाचित्रात छान दिसते. बंधाऱ्याचा उपयोग मात्र एका गोष्टीवर ठरतो. पाऊस ओसरल्यावर नाल्याला धार असतानाच तो झाला पाहिजे, म्हणजे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात. तालुक्याच्या चांदवड आणि येवल्याकडच्या तुलनेने कोरड्या गावांत तर हे आणखीच खरे. शिबिराच्या तारखा जानेवारीवर गेल्या की त्याच गोण्या, तेच श्रम आणि तोच फोटो असतो, पण अडवायला पाणी उरलेले नसते. वेळेवर बांधलेल्या बंधाऱ्याने खालच्या दोन-चार विहिरींना फेब्रुवारीपर्यंत आधार दिला, तर ती गोष्ट पाहायला मार्चमध्ये कोणीतरी परत जावे लागते. झाडांचेही तसेच. जुलैत लावलेल्या रोपाला खरी गरज पुढच्या मार्च ते मेमध्ये असते, जेव्हा परीक्षा चालू असते आणि मग सुट्टी लागते. लावलेल्या झाडांची संख्या सांगणाऱ्या अहवालांपेक्षा तिसऱ्या पावसाळ्यात जगलेल्या झाडांची यादी देणारा अहवाल पुरस्कारास अधिक पात्र समजला पाहिजे. पुरस्कार समितीने कामाच्या ठिकाणी किमान वर्षाने एक भेट द्यावी, एवढी एक अट घातली तरी फाईली आपोआप बारीक होतील आणि कामे टिकाऊ.

रक्तदान शिबिरात हाच प्रश्न वेगळ्या रूपाने समोर येतो. महाविद्यालयाच्या सभागृहात खाटा मांडलेल्या असतात, रक्तपेढीची गाडी बाहेर उभी असते, आणि दाराशी टेबलावर नोंदणी चालू असते. दात्याचे वय अठरा पूर्ण, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम हवे. मुलींची रांग मोठ्या उत्साहाने लागते. बोटाला सुई टोचून थेंब घेतला जातो, आणि एकीमागून एक मुलगी 'हिमोग्लोबिन कमी' असे ऐकून बाजूला होते. त्यांतल्या बऱ्याच जणी घरी जात नाहीत. कोणी अर्ज भरून देते, कोणी रक्त देऊन उठलेल्याला आधार देत खुर्चीपर्यंत नेते, कोणी बिस्किटे आणि कॉफी वाटते, कोणी पहिल्यांदाच सुई पाहून घाबरलेल्या वर्गमित्राशी बोलत बसते. संध्याकाळी रक्तपेढीची प्रमाणपत्रे वाटली जातात ती रक्त देणाऱ्यांना. दिवसभर उभ्या असलेल्या मुलींच्या हाती काहीच पडत नाही, आणि अहवालात फक्त पिशव्यांचा आकडा जातो.

या मुलींच्या बाबतीत दोन गोष्टी करता येतात. कामाची पाळी असलेल्यांची नावे त्याच दिवशी नोंदवून त्यांनाही त्याच समारंभात प्रमाणपत्र देणे ही पहिली, आणि ती एका कोऱ्या वहीने साधते. दुसरी अधिक महत्त्वाची. नाकारलेल्या मुलींची यादी हा एक आयता आरोग्य-सर्वेक्षणाचा कागद आहे. ज्या एककांनी तो फेकून न देता ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरांना दाखवला, लोहाच्या गोळ्या आणि आहार यांचा पाठपुरावा केला आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी घेतली, त्यांनी रक्ताच्या पिशव्यांइतकेच मोलाचे काम केले. त्याला पुरस्काराच्या कोणत्याच रकान्यात जागा नाही, तरी कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या आपापसातल्या बोलण्यात अशा कामाचा उल्लेख सर्वांत आदराने होतो.

पुरस्कार एकाचा आणि काम अनेकांचे, ही अडचण सगळीकडेच आहे. 'उत्कृष्ट स्वयंसेवक' निवडायचा म्हटले की माइक हातात घेणारा, सूत्रसंचालन करणारा, पाहुण्यांच्या नजरेत भरणारा विद्यार्थी पुढे येतो. तोही काम करतोच, त्याबद्दल शंका नाही. पण नांदूर मध्यमेश्वरच्या धरणाच्या काठावर प्लॅस्टिक आणि तुटलेली जाळी वेचायला जो गट जातो, त्यात कोण किती वाकला हे ठरवणे अशक्य असते. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर असलेले हे पाणथळ क्षेत्र १९८६ मध्ये पक्षी अभयारण्य झाले आणि २०१९ मध्ये रामसर यादीत गेलेले महाराष्ट्रातले पहिले स्थळ ठरले. हिवाळ्यात इथे हजारो बदके, करकोचे आणि रोहित येतात, आणि वन विभागाच्या पक्षिगणनेत पक्षिमित्रांबरोबर विद्यार्थीही उभे राहतात. पहाटे धुक्यात दुर्बीण धरून मोजणाऱ्याइतकाच त्याच्या शेजारी बसून आकडे टिपणाऱ्याचा वाटा असतो. नाशिकहून वाहत येणाऱ्या पाणवेली काढताना तर एक जण काठावरून दोर ओढतो, दुसरा ढीग उचलतो, तिसरा तो ट्रॉलीत भरतो. अशा कामाचा गौरव गटाचाच व्हावा. काही महाविद्यालयांनी यावर चांगला तोडगा काढला आहे. शिबिरातल्या प्रत्येक गटाने शेवटच्या दिवशी दुसऱ्या गटातल्या एका सदस्याचे नाव कारणासह सुचवायचे. अशी सुचवणी झाली की स्वयंपाकघरातले, आजारी सोबत्यासाठी रात्री जागणारे आणि उष्टी भांडी घासणारे हात वर येतात, कारण सोबत राबलेल्यांनी ते पाहिलेले असतात.

योजनेत नाव नसलेल्यांची सेवा हा आणखी एक दुर्लक्षित भाग आहे. ऑगस्ट २०१६ आणि पुन्हा ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीला मोठा पूर आला आणि सायखेडा-चांदोरी परिसरात पाणी शिरले. बाजारपेठ, घरे, गोठे पाण्यात गेले. तशा वेळी कोणाचे नाव कुठल्या रजिस्टरात आहे हे कोणी विचारत नाही. नदीकाठच्या गावातली पोहणारी मुले दोर घेऊन धावतात, वसतिगृहातली मुले पोळीभाजीची पाकिटे बांधतात, गणेश मंडळ आपला मंडप आणि ट्रॅक्टर देते. पूर ओसरल्यावर घराघरांतला गाळ काढायला, ओली पुस्तके उन्हात पसरायला हीच मुले लागतात. यांतली अनेक महाविद्यालयात शिकणारी असतात, पण त्यांचे तास कुठल्याच डायरीत चढत नाहीत. २०२० च्या टाळेबंदीतही हेच झाले. मास्क शिवणे, औषधे पोहोचवणे, वृद्धांना बँकेत नेऊन आणणे ही कामे मुलांनी वस्तीवस्तीवर केली. महाविद्यालये बंद होती, म्हणून त्याची नोंद फार थोडी झाली. महाविद्यालयाने अशा कामाचा आढावा नंतर का होईना घ्यावा आणि ग्रामपंचायतीच्या किंवा तलाठ्यांच्या खात्रीवर ते तास मान्य करावेत. पुराच्या रात्री कामाला आलेल्या मुलाला 'तू स्वयंसेवक नव्हतास' असे कागदाने सांगणे योग्य नाही.

तासांवर आधारलेला गौरव फक्त भारतातच आहे असे नाही. अमेरिकेत २००३ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या नावाने सुरू झालेल्या स्वयंसेवा पुरस्कारात सोळा ते पंचवीस वयोगटासाठी वर्षाला १०० तासांना कांस्य, १७५ तासांना रौप्य आणि २५० तासांना सुवर्ण अशा पायऱ्या ठरवलेल्या होत्या. या पद्धतीत गुण आहे. तास सर्वांना सारखेच मोजता येतात आणि वशिल्याला वाव कमी राहतो. आपल्याकडच्या २४० तासांच्या प्रमाणपत्राचेही हेच बलस्थान आहे; खेड्यातून एसटीने येणारा, इंग्रजी न बोलणारा, कुणाच्या ओळखीचा नसलेला विद्यार्थीही ते हक्काने मिळवू शकतो. म्हणून तासांची नोंद सोडून देण्याचा सल्ला कोणी देऊ नये. फक्त ती नोंद खरी हवी. वर्षाच्या शेवटी एकाच बैठकीत, एकाच पेनाने भरलेली डायरी पाहिली की ज्याने खरोखर तास भरले त्याचा अपमान होतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आल्यापासून चित्र बदलते आहे. महाराष्ट्रातल्या नव्या अभ्यासक्रमाच्या आराखड्यात सहअभ्यासक्रमांच्या गटात एनएसएसला श्रेयांक मिळतात, आणि लोकसहभागाचा प्रकल्प किंवा क्षेत्रप्रकल्प हाही पदवीचा भाग झाला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'मेरा युवा भारत' या व्यासपीठावर स्वयंसेवकांची नोंदणी ऑनलाइन होते. यामुळे जो विद्यार्थी एरवी कधी गावात गेला नसता तोही जाईल, हे चांगलेच आहे. पण श्रेयांकासाठी आलेले दोनशे आणि मनापासून आलेले पन्नास यांना सांभाळणारे प्राध्यापक तेवढेच राहिले, तर डायऱ्या पुन्हा एकाच पेनाने भरल्या जातील. कार्यक्रम अधिकारी हा पूर्णवेळ अध्यापन करून हे काम करतो. उजळणीचे तास घेऊन, पेपर तपासून, रविवारी मुलांबरोबर गावात जातो, आणि शिबिरात मुलींच्या सुरक्षिततेची काळजी रात्रभर त्याच्या किंवा तिच्या डोक्यावर असते. या योजनेत सर्वांत कमी गौरव कुणाचा झाला असेल तर तो या प्राध्यापकांचा, आणि त्याहूनही त्यांच्या घरच्यांचा. त्यांच्या अध्यापनाच्या कार्यभारात या कामाचे तास धरले जावेत, ही मागणी पूर्णपणे रास्त आहे.

अनुभवी कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या काही सवयी इथे नोंदवण्यासारख्या आहेत, कारण त्यांनी गौरवाचे रूप आतून बदलले आहे. डायरी ते रोज रात्री, जेवणानंतर, सर्वांसमोर वाचून घेतात. वाचताना मुले एकमेकांच्या नोंदी दुरुस्त करतात. कोणी स्वतःचे काम लिहायला विसरले असेल तर शेजारचा ते सांगतो. समारोपाला बाहेरचा मोठा पाहुणा आणण्याऐवजी ते गावातल्या अशा व्यक्तीला बोलावतात जिच्या दारात काम झाले. शाल-श्रीफळाचा खर्च वाचवून त्या पैशांतून टिकाव-फावडी घेतली जातात आणि ती गावालाच ठेवली जातात. आणि पुढच्या वर्षीच्या शिबिराच्या पहिल्या दिवशी मागच्या वर्षीचे स्वयंसेवक नव्या मुलांना जुने काम फिरून दाखवतात. बुजलेला शोषखड्डा दिसला तर तो आधी उपसायचा, आणि मगच नवे काम काढायचे. ज्या मुलाने गेल्या वर्षी तो खणला त्याला स्वतःच्या हाताने तो पुन्हा उपसताना गावकरी पाहतात, तेव्हा त्या मुलाचे नाव गावाला कायमचे कळते.

गावाकडून होणारा सन्मान हाच विद्यार्थ्याला सर्वांत जवळचा वाटतो, असे या कामात वर्षे घालवलेले लोक एकमुखाने सांगतात. शिबिर संपताना एखादी आजी मुलींची ओटी भरते, कोणी निघताना द्राक्षांची पेटी गाडीत ठेवतो, कोणी लग्नाचे आमंत्रण महाविद्यालयाच्या पत्त्यावर पाठवतो. ही माया कागदावर येत नाही आणि येऊही नये. पण जे कागदावर येऊ शकते, ते गावाने आणावे. ग्रामपंचायतींना वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि २६ जानेवारीची ग्रामसभा बहुतेक शिबिरांच्या पाठोपाठच येते. त्या सभेत शिबिरात काय काम झाले, ते कुठे झाले आणि ते करणाऱ्या विद्यार्थ्यांची नावे काय, हे वाचून दाखवावे आणि इतिवृत्तात लिहावे. त्या इतिवृत्ताची एक प्रत महाविद्यालयाला पाठवली, तर पुरस्काराच्या फाईलला त्याहून चांगला कागद मिळणार नाही. पुढच्या वर्षी त्याच सभेत त्या कामाची स्थितीही वाचून दाखवता येईल.

२०२६ पासून नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ कुंभमेळ्याचे पर्व सुरू होत आहे. गर्दी, पाणी, स्वच्छता, हरवलेल्यांचा शोध आणि प्रथमोपचार यांसाठी जिल्ह्यातल्या महाविद्यालयांकडे स्वयंसेवकांची मागणी येणार हे उघड आहे, आणि निफाड तालुका नाशिकच्या उंबरठ्यावरच आहे. मागणी येण्याआधी महाविद्यालयांनी प्रशासनाशी तीन गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात: प्रत्येक विद्यार्थ्याच्या पाळीची रोजच्या रोज नोंद, त्याच्या राहण्या-जेवणाची आणि विम्याची सोय, आणि काम संपल्यापासून महिन्याच्या आत त्याच्या नावाने, त्याने केलेल्या नेमक्या कामाचा उल्लेख असलेले प्रमाणपत्र. निफाड, पिंपळगाव, लासलगाव आणि ओझर येथील प्राचार्यांनी आणि कार्यक्रम अधिकाऱ्यांनी हे काम आताच हाती घ्यावे.